नजरेचं घराणं

"हे उलटं छापलंय."

सईने मागे वळून पाहिलं. उरणच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान, दुपारची वेळ, काउंटरवर नुकतीच छापून झालेली तीनशे लेबलं. आणि मागे, हातात सातबाऱ्याचा उतारा धरून उभा असलेला, उन्हाने रापलेला एक उंच तरुण.

"काय उलटं?"

"अरबी. अक्षरं सुटी पडलीत, आणि डावीकडून उजवीकडे चाललीत. मस्कतला हे कुणी वाचलं तर..." तो थांबला. "वाचताच येणार नाही, खरं तर."

सईचा चेहरा उतरला. न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक ऑफिसात ती परदेशी कागदपत्रं बघायची. ही लेबलं लावून नारळाची खोकी उद्या कंटेनरमध्ये चढायची होती.

"तुम्हाला अरबी येते?"

"चार वर्षं होतो मस्कतला, फळांच्या गोदामात." त्याची नजर तिच्या नाकापर्यंत आली आणि तिथेच रेंगाळली. "तुमचा चष्मा आहे ना, त्याला तिकडे नज्जारा म्हणतात. नजरेच्याच घरातला तो."

सईने चष्मा वर सरकवला. मुलगा आगाऊ होता, यात शंका नव्हती. पण त्याने तासभर संगणकापुढे बसून लेबल सरळ करून दिलं, आणि आभार मानायच्या आत आपला उतारा घेऊन तो निघूनही गेला. नाव विहंग, केगावात नारळ-सुपारीची वाडी, एवढं तिला झेरॉक्सवाल्याकडून कळलं.

त्यानंतर सईचं अरबीवाचून फारच अडायला लागलं. दर शनिवारी संध्याकाळी कागद घेऊन ती केगावच्या किनाऱ्यावर विहंगकडे जायची. एकदा तर तिने नेलेल्या कागदावर अरबीचं एकही अक्षर नव्हतं. विहंगने तो कागद उजवीकडून डावीकडे, बोट फिरवत, अगदी गंभीरपणे वाचला.

"काय लिहिलंय?" तिने हसू दाबत विचारलं.

"पुढच्या शनिवारीही या, असं लिहिलंय."

त्याच दिवशी त्याने वाळूत तीन अक्षरं काढली. नून, झा, रा.

"हे मूळ. म्हणजे पाहणं. यातूनच सगळ्या फांद्या फुटतात. नजर, नजारा... आणि नजीर. नजीर म्हणजे तोडीस तोड माणूस. शेजारी उभा राहिला तर शोभेल असा."

"कोर्टात नजीर म्हणजे आधीच्या निकालाचा दाखला. माझे बाबा नाझर होते कोर्टात."

"मग तुम्ही घराण्यातल्याच. नाझरही यातलाच. देखरेख करणारा, बघणारा."

"ते बघतात," सई सुस्कारा टाकून म्हणाली. "फारच बघतात."

विहंग खळखळून हसला. मग समुद्राकडे बघत हळूच म्हणाला, "इंतजारसुद्धा यातलाच. कुणी येतंय का, ते बघत राहायचं... आपणही वाट बघतोच ना."

सईने उगाचच चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

"झाले सगळे?"

"एक राहिलाय," तो म्हणाला. "तो वेळ आली की सांगेन."

आता नाझरसाहेबांविषयी सांगायला हवं. विश्वंभर नाझर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण जप्तीचा माल मोजायची त्यांची सवय निवृत्त झाली नव्हती. "नोटीस दिली की माल हलतो" हे त्यांचं ब्रीद. सईसाठी आलेल्या सात स्थळांच्या घरी ते न कळवता जाऊन धडकले होते आणि सातही ठिकाणचा पंचनामा करून आले होते. एकीकडे तुळस वाळलेली आढळली. दुसरीकडे मुलाच्या कपाटात इस्त्री न केलेले शर्ट सापडले. त्यांनी एकदा 'नामंजूर' लिहिलं की ब्रह्मदेवाचीही टाप नव्हती ते खोडायची. सईला त्या सातांपैकी एकाचंही वाईट वाटलं नव्हतं. या वेळी मात्र तिचा जीव अडकला होता.

"बाबा, मला एकजण आवडलाय," तिने बुधवारी धीर करून सांगितलं. "रविवारी आपण त्याच्या घरी जाऊ या?"

"जाऊ की," नाझरसाहेब म्हणाले, इतक्या पटकन, की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शुक्रवारी ते सकाळीच छत्री घेऊन गायब झाले. सईने सुट्टी टाकली आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. दुपारी ते परतले, पाणी प्यायले, खिशातून घडी घातलेला कागद काढला. आई, म्हणजे अनुसूयाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"स्थळ केगाव. तुळस टवटवीत. विहीर स्वच्छ. मुलाची आई बाजारात गेलेली. माडावरून एक गडी उतरला. अर्धी चड्डी, कमरेला कोयता, अंगभर चिखल. त्याचा जबाब घेतला." त्यांनी घसा खाकरला. "प्रश्न, मालकाचा मुलगा कसा आहे? उत्तर, बरा हाय. सकाळी हाका माराव्या लागतात. प्रश्न, व्यसन? उत्तर, चहाचं. दिसाला सहा कप. आणि शनिवारी संध्याकाळी काम सांगितलं तर ऐकू येत न्हाय."

सईने ओठ घट्ट मिटले.

"प्रश्न, पुढे काय करणार? उत्तर, मस्कतवरून परत बोलावणं आलंय, वरच्या हुद्द्यावर. तीन आठवडे झाले, कागद उशीखाली हाय. एक मुलगी हाय, तिच्यापायी जवाब दिला न्हाय. पण तिला विचारायचा धीर व्हत न्हाय."

तीन आठवडे. तीन शनिवार तो तिच्याशेजारी बसला, हसला, आणि हे बोलला नाही. सईला रागही आला आणि रडूही, दोन्ही एकदमच.

"थोडक्यात, झोपाळू, चहाबाज आणि मुलीला साधं विचारायची हिंमत नाही," नाझरसाहेबांनी समारोप केला. "नामंजूर. गडी मात्र लाख माणूस हो. मालकाच्या पोराची भलामण केली नाही. विचारलं तेवढं खरं सांगितलं. शहाळं सोलून दिलं, म्हणाला, 'नाझरसाहेब, उन्हातून आलात, आधी घसा ओला करा.'"

सई थबकली.

"बाबा, तुम्ही त्याला सांगितलंत, की तुम्ही नाझर आहात?"

"छे. ओळख सांगून कधी तपास होतो का?"

"मग त्याला कसं कळलं?"

पस्तीस वर्षं ज्यांच्या नजरेतून जप्तीतली वाटीसुद्धा सुटली नव्हती, ते नाझरसाहेब हातातल्या कागदाकडे बघत राहिले. अनुसूयाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"म्हणजे तो... त्याने मला फसवलं."

"तू गडी आहेस का, असं विचारलंत?"

"नाही. ते मी धरून चाललो."

"स्वतःविरुद्ध खरी साक्ष कोण देतं, बाबा? आणि लाख माणूस हे तुमचेच शब्द."

सईने स्कूटरची चावी उचलली.

"सात वेळा लोक मला बघायला आले. पोहे केले, चालून दाखवलं. आज मी बघायला जाणार आहे. आत्ता, नोटीस न देता."

"मुलीने मुलाला बघायला जायचं? अशी नजीर नाही, सई."

"आता पडेल. मागे बसा, आणि तो कागद घ्या बरोबर."

केगावला पोचेपर्यंत चार वाजले होते. अंगणात विहंग नारळ सोलत बसला होता, तसाच, अर्ध्या चड्डीत. स्कूटरवरून उतरणारी दोन माणसं पाहून तो उभा राहिला आणि त्याच्या हातातला नारळ गडगडत ओटीखाली गेला. त्याची आई कमळताई बाहेर आल्या.

सई सरळ ओटीवरच्या खुर्चीत बसली. "पोहे येतात करता?"

"येतात," विहंग गोंधळून म्हणाला.

"करा मग."

त्याने केले. वर ओलं खोबरं पेरून आणले. सईने दोन घास खाल्ले. "मीठ कमी आहे. आता जरा चालून दाखवा."

विहंग तुळशीपर्यंत गेला आणि परत आला. कमळताई खांबाला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"आता मस्कतचा कागद."

त्याचं हसू मावळलं. आत जाऊन त्याने तो आणला. सईने तो न वाचता हातात धरला, आणि पहिल्यांदाच एकेरीवर आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू जा म्हणशील अशी भीती होती." तो थांबला. "आणि राहा म्हणालीस तर... माझ्या आयुष्याचं ओझं तुझ्या डोक्यावर. तेही बरं दिसेना."

"तुझ्या मनात काय आहे?"

"इथेच राहायचंय. ही वाडी बघायची... आणि तुझ्याबरोबर राहायचंय, सई. पहिल्या दिवसापासून. लेबल दहा मिनिटांत नीट झालं होतं. बाकीचा वेळ मी उगाच बसलो होतो."

सईला डोळ्यांपुढचं धूसर झालं. या वेळी चष्मा खरोखरच पुसावा लागला.

"मग ऐक. जायचं असतं तर दोघं गेलो असतो. राहायचंय, तर दोघं राहू. मलाही तूच हवा आहेस. झोपाळू, चहाबाज, जसा आहेस तसा." तिने श्वास घेतला. "आता तो राहिलेला शब्द सांग."

"मंजूर," विहंग म्हणाला. "त्याच मुळातला. नीट पाहिलं, आणि मनाला पटलं... ते मंजूर."

सईने हात पुढे केला. नाझरसाहेबांनी मुकाट्याने पंचनामा आणि पेन दिलं. शेवटच्या ओळीतल्या 'नामंजूर'मधला 'ना' तिने स्वतःच्या हाताने खोडला, नीट, दोन रेघा मारून, आणि खाली आपली सही केली.

"दुरुस्तीशेजारी सही लागते," नाझरसाहेब पुटपुटले. "नाहीतर ग्राह्य धरत नाहीत." त्यांनी पंच म्हणून सही ठोकली, तारीख घातली, आणि मग विहंगकडे आपादमस्तक पाहिलं.

"देण्याघेण्याचं, नजराण्याचं काही?"

"तो शब्द या घराण्यातला नाही, साहेब. त्याचं मूळच वेगळं."

कमळताई आतून मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि दोघांना शेजारी उभं करून दृष्ट काढायला लागल्या. चिखलाने माखलेला विहंग आणि स्वच्छ कपड्यांतली सई, दोघांनाही एकमेकांकडे बघून हसू आवरत नव्हतं. नाझरसाहेब खुर्चीत टेकले, छत्री बाजूला ठेवली.

"अहो गडी," ते जावयाला म्हणाले, "सकाळसारखं एक शहाळं मिळेल का?"