एकशे त्र्याहत्तर नंबरचं कार्ड

भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्याकडे दुपारी तीनला आलं.

हसा, हसा. मीही हसले असते. पण हे गेल्या महिन्यात माझ्या घरात घडलंय, आणि साक्षीला सासूबाई आहेत. त्या माझं खरं कौतुकसुद्धा करत नाहीत, माझ्यासाठी खोटी साक्ष कुठून देणार!

मी लहान मुलांच्या वाढीवर पीएचडी करते. स्वतः घरोघर जाऊन मुलांची वजनं घ्यायची तर वर्षं गेली असती. सर म्हणाले, "दुसऱ्यांनी घाम गाळून जमवलेली माहिती कपाटांत पडून असते. ती शोध की."

शोधली. एका जुन्या दवाखान्याच्या तळघरात.

चाळीस वर्षांपूर्वीची कार्डं. एका बाळाचं एक कार्ड, बारा महिन्यांचे बारा रकाने. तिथली एक सिस्टर दर महिन्याला घरोघर जायची. वजनकाटा दाराच्या चौकटीला अडकवायचा, बाळाला त्याच्या झोळीत ठेवायचं आणि आकडा लिहायचा. घर बंद असलं की रकान्यात एकच ओळ.

"दार बंद. पुन्हा येणे."

आणि ती खरंच पुन्हा जायची. खाली नव्या तारखेला वजन लिहिलेलं असायचंच.

"फार कडक बाई," रेकॉर्ड सांभाळणारे काका म्हणाले. "दारात गेल्याशिवाय आकडा लिहायची नाही. नोकरीत असतानाच गेली बिचारी. शेवटची फेरी राहूनच गेली."

मी सगळ्या कार्डांचे फोटो काढले आणि घरी बसून लॅपटॉपवर आकडे भरत गेले. सरांची अट होती, पूर्ण भरलेली दोनशे कार्डं हवीत. एकही कमी चालणार नाही.

माझी भरली एकशे नव्याण्णव!

उरलं होतं एकशे त्र्याहत्तर नंबरचं. एका मुलीचं. अकरा वजनं होती. बाराव्या रकान्यात… "दार बंद. पुन्हा येणे."

खाली काहीच नाही.

हातातोंडाशी आलेला घास हो! त्याच सकाळी मी चिऊला, माझ्या अकरा महिन्यांच्या लेकीला, डॉक्टरांकडे नेलं होतं. वजन आठ किलो दोनशे. मी तोच आकडा त्या मुलीच्या रकान्यात टाकला.

एका आकड्याने काय आभाळ कोसळतंय, म्हटलं.

तो गुरुवार होता.

शुक्रवारी दुपारी तीनला दार वाजलं. टक… टक… टक…

बेल असताना दार कोण ठोठावतं? मी उघडलं. कुणी नाही. जिन्यात पावलांचा आवाजही नाही.

शनिवारी पुन्हा. तीन वाजता.

रविवारी नवरा घरी होता. "वरच्या मजल्यावरची पोरं असतील," म्हणाला आणि कूस बदलून झोपला. वरचा मजला सहा महिने रिकामा आहे, पण यांना कोण सांगणार!

सोमवारी मी लायब्ररीत गेले होते. परत आले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुणी बाई आली होती. बाहेरूनच विचारत होती, बाळ जागं आहे का."

"मग?"

"म्हटलं झोपलंय, पुन्हा या."

"दिसायला कशी होती?"

"दार कुठे उघडलं मी? माझे गुडघे माहीत आहेत ना तुला!"

मला एकदम ते कार्डच आठवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मंगळवारी चिऊची चड्डी कमरेवर थांबेना. डॉक्टरांकडे पळाले.

सात किलो सातशे.

डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला. ताप नाही, जुलाब नाही. पोर पोटभर जेवत होती, खिदळत होती. बुधवारी सात चारशे. सगळ्या तपासण्या केल्या, एकीतही काही निघालं नाही. ती माझ्या हातांत हलकी होत चालली होती आणि मला रडूही येत नव्हतं, इतकी मी घाबरले होते.

शेवटी काकांना फोन लावला. "काका, एकशे त्र्याहत्तरमधली मुलगी… पुढे काय झालं तिचं?"

काकांना कार्ड शोधावंही लागलं नाही.

"आमच्याच गल्लीतली ती. वर्षाची व्हायच्या आतच गेली. म्हणून तर घर बंद होतं. सिस्टरला ते कुणी सांगितलंच नाही."

माझी पाचावर धारण बसली. मी माझ्या जित्या लेकीचं वजन एका मेलेल्या मुलीला देऊन बसले होते.

गुरुवारी पावणेतीनला मी लॅपटॉप उघडला आणि एकशे त्र्याहत्तरची अख्खी नोंद पुसली. मग सरांना फोन केला.

"सर, एकशे नव्याण्णवच आहेत. दोनशेवं मी मनाने भरलं होतं."

"मग प्रबंध या वर्षी विसर," सर म्हणाले.

"विसरले," मी म्हटलं.

तीन वाजले.

टक… टक… टक…

मी चिऊला कडेवर घेतलं आणि दार सताड उघडलं. समोर कुणी नव्हतं. तरी मी म्हणाले, "बाळ जागं आहे. या."

काहीच झालं नाही.

मग माझ्या डोक्यावर, चौकटीपाशी… कर्र… हुकाला भार पडल्यावर होतो तसा आवाज आला.

आणि माझ्या हातांतलं वजन गेलं.

चिऊ कडेवरच होती. माझे दोन्ही हात तिच्याभोवती घट्ट होते. पण वजन नव्हतं. ती वर चौकटीकडे बघून हसत होती.

दोन श्वास. तीन…

मग एकदम भार आला आणि माझे हात खाली गेले.

संध्याकाळी डॉक्टरांकडे आठ किलो दोनशे. "आमचाच काटा बिघडला असेल," ते ओशाळून म्हणाले. मी मान डोलावली.

परवा दवाखान्यात गेले होते. काकांनी ते कार्ड काढून दिलं. तळघराची किल्ली त्यांच्याशिवाय कुणाकडे नसते.

बाराव्या रकान्यात, जुन्या ओळीखाली, तीच निळी शाई आणि तेच तिरकं अक्षर. तारीख त्या गुरुवारची.

"दार उघडले. ८ किलो २००. पुन्हा येणे."

माझ्या मोबाइलमधल्या फोटोत ही ओळ नाही. कितीदा बघितलं.

कार्डाला बाराच रकाने आहेत. बारावा भरला. मग ती पुन्हा कशाला येणार?

येत्या गुरुवारी चिऊ वर्षाची होते. तीन वाजता मी घरीच असणार आहे. दार उघडायचं की नाही, तेवढं कुणीतरी सांगा मला.