दिवेवाल्याने उघडलेली खोली

आई गेल्यापासून दुपारचे दोन ते चार हे तास तिला खायला उठायचे. सकाळ बरी जायची. डॉक्टर जे रिपोर्ट बोलून पाठवायचे ते ती घरीच हेडफोन लावून टाइप करायची. पायाखाली एक पेडल होतं. ते दाबलं की आवाज तीन सेकंद मागे जायचा. तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या डॉक्टरांचा शब्दही तिच्या कानातून सुटत नसे. पण दोन वाजले की बोटं थांबायची, आणि मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघायचं नाही एवढंच काम उरायचं.

उपाय सुचवला धाकट्या बहिणीने. ती शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी न चुकता फोन करायची.

"ताई, कोणालातरी गेम खेळताना बघत जा. नेटवर लोक तासन् तास खेळत बसतात. मला तर बघता बघता झोपच लागते."

"दुसऱ्याला जेवताना बघून आपलं पोट भरतं का गं?"

"बघ तर आधी. दोन वर्षं आईचं एवढं केलंस, आता जरा स्वतःचं कर."

ते शेवटचं वाक्य नेहमीसारखंच टोचलं.

दुसऱ्या दिवशी तिला तो सापडला. एका बंद पडलेल्या हॉटेलात फिरून खोल्याखोल्यांत दिवे लावायचे, असा त्याचा गेम होता. बघायला जेमतेम बारा-तेरा माणसं. त्याचा चेहरा कधी दिसायचा नाही, फक्त हळू, निवांत आवाज यायचा. "आता या जिन्याने वर जाऊ या. घाई नाही आपल्याला." तिने त्याचं नाव दिवेवाला ठेवलं. अंधारात पाय त्याचा पडणार, चुकणार तो, दचकणारही तोच. आपण नुसतं बसायचं, आणि आपल्याला कोणी हाक मारणार नाही. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच दुपारी तिचा डोळा लागला. पोट भरतं बाई, असं तिने धाकटीला कबूलही करून टाकलं.

महिन्याभराने तो सतरा नंबरच्या खोलीपाशी पोचला. दाराचा तपकिरी रंग कडीपाशी उडालेला होता, अगदी मागच्या खोलीच्या दारासारखा. तिने त्याला एकट्याला निरोप लिहिला. हे दार नका उघडू. माझी आई अशाच दाराआड गेली. तिला उठता यायचं नाही, पलंगाच्या दांडीवर स्टीलचा पेला वाजवून ती मला बोलवायची. त्या दुपारी मी हेडफोन लावून काम करत होते. मला ऐकू आलं नाही.

त्याचं उत्तर लगेच आलं. "ताई, तुम्ही नको म्हणता ते दार मी उघडणार नाही. हे आपल्या दोघांतच राहील."

तिने ते उत्तर चार वेळा वाचलं आणि रडली. इतकं हलकं तिला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग बघणारे वाढले. बाराचे शंभर झाले, शंभराचे सहाशे. सगळ्या खोल्यांत दिवे लागले, सतरा नंबर सोडून. लोक कंटाळले. एका मंगळवारी दिवेवाल्याने मत मागितलं, दार उघडायचं की नाही. ती "नको" लिहून निश्चिंत बसली होती. त्याने शब्द दिला होता ना.

"हे दार मी का टाळलं माहीत आहे?" तो त्याच निवांत आवाजात म्हणाला. "आपल्या एक ताई आहेत. त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवतो."

आणि त्याने वाचलं. पलंग, पेला, हेडफोन, सगळं. सहाशे लोकांसमोर, चव्हाट्यावर. काहींनी रडणारे चेहरे पाठवले, काहींनी हसणारे. ज्याच्या आवाजावर विश्वासून ती झोपत होती, त्याने केसाने गळा कापला होता. तिला बंद करायचं होतं, पण ती बघतच राहिली.

दार उघडलं. दिवा लागला. खोलीत एक लोखंडी पलंग होता, बाकी काही नाही.

"रिकामीच आहे की..." दिवेवाला म्हणाला, आणि मध्येच थांबला.

"हं?" तो कोणालातरी म्हणाला. "हो... बोला ना. ऐकतोय."

तिने कान दिले. पुन्हा मागे नेऊन ऐकलं, आणखी एकदा ऐकलं. त्याच्या हुंकारांच्या मध्ये नुसती शांतता होती.

"ताई..." त्याचा आवाज आता खाली आला होता. "तुम्ही खोटं लिहिलंत. तुम्हाला ऐकू आलं होतं. तुम्ही हेडफोन काढलेत... थोडा वेळ ऐकलंत... आणि परत घातलेत."

हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं मला कोणी बोलवू नये, एवढंच तिला त्या दुपारी हवं होतं. दिवेवाल्याने दिलेलं दुःख तिच्या मनातून क्षणात पुसलं गेलं. आईने घरातली गोष्ट जन्मात कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. लेकींची चूक तिने बापालासुद्धा सांगितली नाही. आणि आता सांगितली ती एका परक्याला.

"आई..." ती पुटपुटली. "मला बोलायचंस ना गं... मला..."

"आणि धाकटीला माहीत आहे हे?" दिवेवाला विचारत होता. बहिणीबद्दल तिने त्याला एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. "नाही?... मी सांगू?... बरं, बरं. तुम्हीच सांगा."

टेबलावरचा फोन थरथरला. धाकटीचा होता. या वेळी तिचा तास असायचा.

"हॅलो..."

पलीकडे वर्गातल्या मुलींचा गलका चालला होता. अगदी हळू, जवळ बसलेल्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने धाकटीने विचारलं,

"ताई, आई सांगतेय ते खरं आहे का?"