टपरीला आधी कळलं

वामनरावांच्या छापखान्यातला फोन बिघडला, म्हणून मधुसूदन पराते त्या दिवशी धरमपेठेत आला. नाहीतर टेलिफोन खात्यातला हा हसरा लाइनमन छापखान्यात काम करणाऱ्या अनुसयेला कशाला भेटला असता? साल चौऱ्याहत्तर, उन्हं तापलेली. खिडकीतल्या खसच्या ओल्या ताटीतून गार वास येत होता... आणि त्याच्या पिशवीतून एक पुस्तक डोकावत होतं. मुखपृष्ठावर चक्क दोन चंद्र!

"काय वाचून राहिले हे?" तिनं विचारलं.

"विज्ञानकथा. नेऊन पाहा."

"मले यंत्रं-बिंत्रं समजत नाहीत."

"यंत्राची पानं सोडून द्या. माणूस कशाले घाबरून राहिला, तेवढं वाचा."

तिनं दोन दिवसांत संपवलं. त्या कथेत अवकाशयानाबाहेरून कोणी परकं कप्तानाच्या हुबेहूब आवाजात म्हणतं, दार उघड. संदेश घेणारी मुलगी बोलणं तोडते आणि आपल्या यंत्रावरून स्वतः कप्तानाला हाक घालते.

"पोरगी मस्त आहे," पुस्तक परत करताना अनुसया म्हणाली.

"तुमच्यासारखी..." तो पुटपुटला, आणि ठणठणीत फोन उगाच उघडून बसला.

महिनाभर पुस्तकं येत राहिली. गप्पांत त्याला सगळं कळलं — तिच्या आईचे गुडघे, वामनरावांचं उमरेडला लग्नाला जाणं, सगळं.

मग एका दुपारी फोन वाजला.

"विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून बोलतोय. वामनराव उमरेडला गेलेत ना? अनुसयाबाई, इतिहासाच्या छापलेल्या पेपरांचा गठ्ठा रिक्षावाल्याजवळ द्या. लगेच! आणि हो, आईचे गुडघे कसे आहेत?"

आवाज दमदार, साहेबी. छपाईचे खिळे जुळवणारे म्हातारे नत्थूजी कुजबुजले, "देऊन टाक वं, मोठे साहेब दिसून राहिले."

तिनं रिसीव्हरवर तळहात धरला. पेपर फुटला तर हजारो पोरांची परीक्षा बुडाली, नोकरीही गेली. आणि नाही म्हटलं नि साहेब खरा निघाला, तरी नोकरी गेलीच!

"मीच फोन करते तुम्हाले." तिनं फोन ठेवला आणि डायरीतला विभागाचा नंबर फिरवला.

विभागानं कोणालाही पाठवलेलं नव्हतं.

रिक्षा आली, तेव्हा छापखान्याला आतून कडी होती. पण अनुसयेचं काळीज थाऱ्यावर नव्हतं. गुडघ्यांचं तिनं एकालाच सांगितलं होतं...

संध्याकाळी मधुसूदन आला. तिनं सगळं सांगितलं, आणि सरळ विचारलं, "पुस्तकं याच्यासाठीच देऊन राहिले होते का?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही हो! आमच्या ऑफिससमोर चहाची टपरी आहे. तिथं मी... रोज तुमच्याबद्दलच बोलत राहिलो — तुमची आई, उमरेडचं लग्न, सारंच. कोण ऐकून राहिलं, इकडे लक्षच नव्हतं." त्याचे कान लालबुंद झाले होते. "चूक माझी. उद्या वामनरावांना सांगतो. पोलीस ठाण्यातही."

अनुसयेनं त्याच्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. लबाड माणूस स्वतःहून ठाण्याचं नाव काढत नाही.

"सांगालच. मी सोबत येते," ती ठामपणे म्हणाली. "पण साऱ्या टपरीले जे कळलं, ते मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"तुम्ही... तुम्ही मले लय आवडता, अनुसया."

"इतकंच? तिथं तर रोज बोलत होते म्हणे!"

तिनं स्टूल पुढे सरकवलं. तो बसला, घसा खाकरला... आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगू लागला.