जांभळ्या फुलाचं शेवटचं झाड

“रुचा, अजून दोन झाडं गायब!”

अनिमेष सोयाबीनच्या वाफ्यातून ओरडला. रुचा धावली. कालच्या झाडांच्या जागी ओल्या मातीत नुसते खळगे!

पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत रुचा राहुरीला, कृषी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या दमयंतीमावशीकडे आली होती. अनिमेष मावशीचा मुलगा. बियांवर किरणांचा मारा करून मावशीनं अरुंद पानांचं, पांढऱ्या फुलांचं नवं सोयाबीन मिळवलं होतं. नेहमीच्या रुंद पानांच्या, जांभळ्या फुलांच्या वाणाशी त्याचा संकर करून, त्या संकरित झाडांच्या बियांचा हा वाफा पेरला होता. इंदूरला बैठकीसाठी जाताना ती बजावून गेली होती, “वाफ्यावर लक्ष ठेवा हं!”

“शेळ्या असतील,” अनिमेष म्हणाला.

“शेळ्या काय निवडून खातात? नीट बघ! रुंद पान तिथं जांभळं फूल, अरुंद तिथं पांढरं. ज्यांची जोडी उलटी होती, तीच गेलीत!”

मावशीनं समजावलं होतं: पानाचा आणि फुलाचा गुण एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले, म्हणून जोडीनंच पुढच्या पिढीत उतरतात. क्वचित ती जोडी फुटते. अशी फुटलेली झाडं मोजूनच दोन गुणांमधलं गुणसूत्रावरचं अंतर कळणार होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेजारच्या मक्यात दबा धरून बसले. थोड्याच वेळात शेतावरचे मुकादम गोरखमामा आले आणि वाकून झाडं उपटू लागले!

“मामा, थांबा!” दोघं बाहेर धावले.

“आरं, भेसळ काढतोय! उद्या विद्यापीठाचं सायेब वाफं बघाया येनार हायेत. वाफ्यात भेसळ दिसली तर मलाच बोलत्याल.”

“भेसळ नाही ती! मावशीला तीच झाडं हवीत!”

“आता तुमी पोरं मला शेती शिकवनार व्हय?”

अनिमेषनं आईला फोन लावला. बंद! रुचानं मामांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला. एकेक झाड बांधावर पडत होतं. रुचानं एक उचलून पुन्हा मातीत खोचलं, तर ते लगेच कलंडलं. तिला रडूच फुटलं.

सरीच्या टोकाला अरुंद पानांचं, जांभळ्या फुलांचं एकच झाड उरलं होतं. मामा जवळ येत होते. रुचा त्याच्यापाशी बसली आणि उमललेली सगळी फुलं तिनं खुडून मुठीत लपवली. याच फुलांच्या शेंगा झाल्या असत्या!

मामांनी झाड न्याहाळलं. “याला फूलच न्हाई अजून. ऱ्हाऊ दे.”

मावशी परतली, तेव्हा बांधावरच्या सुकलेल्या ढिगातलं एकेक झाड उचलून बघू लागली.

“बाई, मला वाटलं भेसळच हाय,” गोरखमामा म्हणाले.

“मीच सांगून जायला हवं होतं. यंदाची मोजणी गेली.”

रुचानं तिला ते झाड दाखवलं. पानांच्या बेचक्यात एक इवलीशी जांभळी कळी होती.

“शाब्बास गं!” मावशीनं तिला जवळ घेतलं. “याचं बी पुढच्या वर्षी पेरू.”

“पोरीनं मला बरं फशिवलं!” मामा म्हणाले.

रुचाला हसू आलं नाही. “बाकीची नाही वाचवता आली, मावशी.”

गोरखमामा गुपचूप उठले, बाभळीच्या फांद्या घेऊन आले आणि त्या एकट्या झाडाभोवती काटेरी कुंपण रोवू लागले.