सुनीलकाका पायरीवरून का चढत नाहीत?

"इथंच होते! या लिंबाखाली! तीन होते!" सुकन्या जवळजवळ ओरडलीच.

सुकन्याचे बाबा थायलंडमध्ये, अयुथयाला नोकरी करत. तिथं जुन्या राजधानीची पडकी देवळं होती, विटांचे स्तूप होते. दर रविवारी ती बाबांबरोबर ते बघत फिरायची. एकदा फोटो काढताना बुद्धाच्या मूर्तीपेक्षा तिचं डोकं उंच झालं, तर रखवालदारानं केवढ्यांदा शिट्टी मारून तिला खाली बसवलं होतं! आणि वर्गात तिनं ऐटीत सांगितलं होतं, "आमच्या गावातही शेकडो वर्षांपूर्वीचे वीरगळ आहेत! लढाईत मेलेल्या वीराची आठवण म्हणून कोरलेले दगड!"

आणि आता दिवाळीच्या सुट्टीत तिसगावजवळच्या आपल्या वस्तीवर येऊन बघते, तर महादेवाच्या देवळासमोर नुसते तीन खड्डे! तिची चुलत भावंडं, समर्थ आणि धनश्री, तिच्याइतकीच थक्क झाली; दोन-तीन दिवस तीही देवळाकडं फिरकली नव्हती.

"नगरला पाठवलेत, म्युझियममधी," देवळाचा नवा सभामंडप बांधणारे ठेकेदार सुनीलकाका म्हणाले. "चला, पळा! खेळा तिकडं!"

"मला न इचारता माझा वीर नेला?" खड्ड्याशी बसलेली चांगुणाआजी कडाडली. तिच्या मांडीवर नारळ होता. तिची मुलं, सुना दरसाल ऊसतोडीला जात. जाण्याआधी आपल्या वीराला नारळ फोडायचा, मगच ट्रकमध्ये चढायचं, ही तिच्या घरची रीत. "चार दिसांमागं मी त्याला पानी घातलं हुतं. चार वाजता ट्रक सुटनार हाय. नारळ फोडल्याबिगर मी एकालाबी कोयत्यावर धाडनार न्हाई!"

तीन वाजून गेले होते. पोरं जरा लांब सरकली.

"काका थापा मारत्यात!" धनश्री कुजबुजली. "पुलाचं काम निघाल्यापासून आठ दिवसांत दुधाचा टेम्पोसुदिक इकडं आला न्हाई. आजींचा ट्रकपण पल्याडच थांबलाय. मग एवढे मोठे दगड काय उडून गेले?"

"म्हणजे ते वस्तीतच आहेत!" सुकन्या म्हणाली.

"ए, तिकडं बघा!" समर्थनं तिचा दंड धरला. "सुनीलकाकांकडं बघा ना!"

सभामंडपाला तीन नव्या दगडी पायऱ्या होत्या. गवंडी, बायका, पोरं, सगळे त्यांवरून वर जात होते. सुनीलकाका मात्र बाजूच्या कठड्यावरून उडी मारून चढले. थोड्या वेळानं तसेच उतरले. पुन्हा चढले, तेही उडी मारूनच! चांगलं सुटलेलं पोट सांभाळत!

"पायऱ्या असताना हे माकडचाळे कशाला?" धनश्री म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. तीन खड्डे. तीन पायऱ्या!

सुकन्या धावत जाऊन पायरीशी पालथी झोपली. सगळ्यात खालच्या पायरीखाली सिमेंट नीट भरलेलं नव्हतं, चार बोटं फट राहिली होती. तिनं मोबाईलचा टॉर्च लावला, मोबाईल फटीत सरकवला आणि फोटो काढला. कोरलेला घोडा! त्याचा पुढचा पाय गुडघ्यापासून तुटलेला!

संतापानं ती तशीच चांगुणाआजीकडं धावली. वीराला पालथा घालून त्याच्या पाठीवरून चपला!

चांगुणाआजीनं फोटो पाहिला मात्र, ती ताडकन उठली. "ह्योच! लंगडा घोडा! माझ्याच वीराचा हाय ह्यो!"

आरडाओरडा ऐकून माणसं जमली. ऊसतोडीला निघालेली आजीची मुलं, सुना आली. देवस्थान समितीचे अध्यक्ष, म्हणजे सुकन्याचे भागवतआजोबा, तेही आले.

"आबा, पोरीचं काय ऐकता?" सुनीलकाका हसले. "तिकडच्या परदेशातला फोटो आसंल त्यो! चार बुकं शिकून आमाला अक्कल शिकवायला आली. साधे दगड हायेत ते!"

"साधे आहेत ना?" सुकन्या त्यांच्यासमोर उभी राहिली. "मग चांगुणाआजीच्या वीराची शपथ घ्या आणि या पायरीवर पाय ठेवा!"

"त्यात काय! हा ठिवला!"

काकांनी पाय उचलला. सगळे बघत होते. पाय तसाच हवेत राहिला. मग तो पाय हळूच मागं आला.

"ठेवा की!" समर्थ ओरडला. "मघापासून उड्या का मारताय? तुमचा पाय लागलेला चालत न्हाई, आन् आमचा चालतो व्हय?"

"सपाट हुते... आयते मिळाले..." काका पुटपुटले. "कुनी इचारीत न्हाई आशा दगडांना..."

"मी इचारत हुते की रं!" चांगुणाआजी म्हणाली.

तिच्या मुलांनी पहार घातली. पायरी उलटली. घोड्यावरचा वीर, वर चंद्र-सूर्य, सगळं सिमेंटनं माखलेलं! आजीनं प्रवासासाठी भरलेली पाण्याची बाटली त्यावर रिकामी केली, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि रडत रडतच नारळ फोडला.

"शाबास, पोरांनो!" भागवतआजोबांनी सुकन्याच्या पाठीवर थाप मारली. "गावाची लाज राखलीत!"

"मला शाबासकी नको, आजोबा!" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही अध्यक्ष आहात. रोज इथूनच वर जाता. दगड कुठून आले, असं एकदा तरी विचारायचं होतं!"

आजोबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. "सुनील, पहार आन. मधली पायरी मी काढतो."

पुलापलीकडून ट्रकचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, चांगला लांबलचक.

"वाजवू दे त्याला," चांगुणाआजी पदर खोचून म्हणाली. "आजून दोन वीर उठवायचे हायेत. लावा रं हात!"