खिडकीजवळची सत्तावीस नंबर

धाकट्या सुनेला एक वाईट खोड आहे. जे रांगेत बसत नाही ते ती काढून टाकते. मग ती कान तुटलेली कपबशी असो, नाहीतर संगणकावरचा आकडा.

पुढच्या खोलीत चार संगणक मांडून ती दुपारी शिकवते. इस्पितळातल्या आठ परिचारिका येतात, आकड्यांचं कसलंसं सॉफ्टवेअर शिकायला. "काही टाइप करून हुकूम द्यायचे नाहीत, मेनू उघडायचा आणि निवडायचं," हे ती रोज सांगते. तरी एकीचा माऊस टेबलाखाली लोंबतो, दुसरी तो फरशी पुसल्यासारखा फिरवते. मी दाराशी खुर्ची टाकून हसते. शिकलेय दुसरीपर्यंत, पण हसायला दाखला लागत नाही.

सरावाला आकडे मीच दिले. बाळंतिणींच्या वॉर्डात मी तीस वर्षं आया होते. बाळं तोलून वहीत लिहायचं काम माझं. रद्दीत निघालेली एक वही मी मिरवत घरी आणली होती. चाळीस बाळं, चाळीस वजनं, शेजारी आईचं वय. माझा काटा कधी चुकला नाही, हे घरात सगळ्यांनी हजारदा ऐकलंय.

सोमवारी परिचारिकांनी आकडे भरले. आडव्या रेघेवर आईचं वय, उभीवर बाळाचं वजन, आणि बटण दाबलं. एकोणचाळीस ठिपके घोळक्यात आले. एक पार खाली, एकटा.

"सत्तावीस नंबर. एक किलो तीनशे," सून म्हणाली. "वहीत अडीच आहे. कोणी भरलं हे?"

"मॅडम, मी अडीचच भरलं होतं."

सुनेनं आकडा दुरुस्त केला, ठिपका वर गेला. मंगळवारी तो परत खाली होता. चारही संगणकांवर.

"असा एखादा असतोच आगाऊ," म्हणत तिनं ती ओळच काढून टाकली. खाली एकूण संख्या चाळीसच राहिली.

माझं हसू आटलं.

सत्तावीस म्हणजे खिडकीजवळची खाट. काटा स्प्रिंगचा होता. बाळ फडक्याच्या झोळीत घालून टांगायचं आणि आलेल्या वजनातून फडक्याचं वजन वजा करायचं. मला वजाबाकी येत नव्हती. सांगणार कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बाळ तळहातावर घ्यायची आणि मनानं लिहायची. अडीच, पावणेतीन. ते बाळ हातात आलं तेव्हाच कळलं होतं, रिकामी परडी उचलल्यासारखं आहे हे. पण कमी लिहिलं की डॉक्टर शेजारी उभं राहून पुन्हा तोलायला लावायचे. माझं पितळ उघडं पडलं असतं. मी अडीच लिहिलं. बाळ घरी गेलं.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. आमचं फडकं धुऊन, घडी घालून परत द्यायला. कुशीत बाळ नव्हतं.

बुधवारी खोलीत फिनेलचा वास होता. आमच्या घरी फिनेल येत नाही.

"मॅडम, हे कर्र कर्र कसलं वाजतंय?" मागच्या बाकावरची म्हणाली.

पंखा बंद होता. स्प्रिंगवर काही टांगलं की असंच वाजतं.

सुनेनं पुन्हा ती ओळ निवडली.

"थांब," मी म्हणाले.

"आई, बसा तुम्ही. नुसता चुकीचा आकडा आहे."

मी उठले. तिच्या हाताखालचा माऊस ओढून घेतला, आयुष्यात पहिल्यांदा.

तो कोमट होता.

तळहाताखाली काहीतरी वर-खाली होत होतं. अगदी हलकं. ते वजन माझ्या हाताला ओळखीचं होतं.

आठही जणी माझ्याकडे बघत होत्या. मान खाली घालून मी सुनेला म्हणाले,

"तुझी खोड वाईटच, सूनबाई. चुकीचा म्हणून काढतेस, तो एवढा एकच खरा आहे. बाकीचे एकोणचाळीस मी मनानं लिहिलेत."