प्रेसखालचे हात

आंबीच्या त्या कारखान्यातून ज्योत्स्नाला बोलावणं आलं की समजावं, कुणीतरी कॉम्प्युटरशी तासभर झटापट करून हात टेकलेत. त्या दिवशीही तसंच झालं. लोकलने घोरावाडी स्टेशनला उतरून, रिक्षा करून ती पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. सुपरवायझर करण दारातच उभा होता.

"मॅडम, चार नंबरच्या प्रेसचा प्रोग्राम चालू केला की बंद पडतोय. तीनला पाळी बदलते. नाहीच झालं तर कॅमेरा बायपास करून प्रेस चालवावा लागेल."

पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेसखाली कुणाचा हात आहे का, एवढंच तो कॅमेरा बघायचा. हात दिसला की लाल दिवा लागे आणि प्रेस जागचा हलत नसे. बायपास म्हणजे हनुमंतभाऊंचे दोन्ही हात नशिबावर सोडणं. जवळच्याच नवलाख उंबरे गावचे हनुमंतभाऊ अठरा वर्षं या प्रेसवर होते आणि त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. या धंद्यात ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्योत्स्नाला करणचा रागच आला.

दुखणं तिला वीस मिनिटांत सापडलं. प्रोग्राम पायथन भाषेतला होता, आणि चित्रातले हात ओळखायचं काम तो एका लायब्ररीकडून, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार कोडकडून, करून घेई. ती लायब्ररी दोनदा बसवलेली निघाली. एक तिने स्वतः गेल्या महिन्यात बसवलेली. दुसरी वेगळ्याच फोल्डरमध्ये, वेगळ्या आवृत्तीची. प्रोग्राम थोडं हिच्यातलं उचलायचा, थोडं तिच्यातलं, आणि कोसळायचा. असलं दुखणं काही नवीन नाही.

दुसरी बसवली होती हनुमंतभाऊंच्या लॉगिनवरून. तारीख आजची, वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

तिने घड्याळात पाहिलं. सव्वादोनसुद्धा झाले नव्हते. कॉम्प्युटरचं घड्याळही बरोबर होतं.

हनुमंतभाऊ पाळीच्या आधीच येऊन स्टुलावर बसले होते. "भाऊ, तुम्ही यात काही केलंत का?" तिने विचारलं.

"म्या? हजेरीचं बटन दाबतो तेवढंच, ताई. बाकी आपल्याला काय कळतंय."

तिने ते फोल्डर पुसलं. प्रोग्राम चालला, पडद्यावर शून्य हात, दिवा हिरवा. पाच मिनिटांनी पुन्हा कोसळला. फोल्डर परत आलं होतं, वेळ तीच. असं तीनदा झालं. तिने नेटची वायर उपसून काढली, तरी ते आलंच. कीबोर्डला तिच्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं. आता मात्र तिला भीती वाटली.

शेवटी तिने आपलीच लायब्ररी काढली. दुसरी एकटी काय दाखवते ते तरी बघू.

प्रोग्राम चालला. लाल दिवा लागला. पडद्यावर आकडा आला, दोन.

प्रेसखाली कुणीच नव्हतं. हात दिसला की प्रोग्राम त्याभोवती आखतो तशा दोन चौकटी रिकाम्या लोखंडावर शेजारी शेजारी उमटल्या होत्या आणि मधूनच जराशा हलत होत्या.

हनुमंतभाऊ उठून आले, वाकून बघत राहिले. नकळत ते आपली मनगटं चोळत होते.

"ताई, कुणाला बटन दाबू देऊ नगा."

"अहो, खाली काही नाहीये," करण म्हणाला. "एकदा रिकामाच मारून बघू." ज्योत्स्ना नको म्हणेपर्यंत त्याने बायपासची किल्ली फिरवून बटण दाबलंसुद्धा. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रेस खाली आला. आवाज नेहमीसारखा कोरडा आला नाही.

प्रेस वर गेला. पडद्यावर शून्य. दिवा हिरवा.

"झालं की," करण म्हणाला आणि किल्ली जागेवर फिरवून पाळीची माणसं बोलवायला गेला.

काम सुरू करण्याआधी हनुमंतभाऊ प्रेसला नमस्कार करत. आजही त्यांनी दोन्ही तळवे खालच्या लोखंडावर टेकले.

पडद्यावर शून्यच होतं. दिवा हिरवाच.

ज्योत्स्नाने धावत जाऊन प्रेसचा मेन स्विच पाडला. किल्ली काढून मुठीत घट्ट धरली.

"ताई," हनुमंतभाऊ हलकेच म्हणाले, "लोखंड गार लागत न्हाई. कायच लागत न्हाई."

कॅमेरा आणि कॉम्प्युटर वेगळ्या लाइनवर होते, ते चालूच होते. तिने आपला उजवा हात त्यांच्या दोन हातांशेजारी टेकला आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. एकच चौकट आली, तिच्या हाताभोवती.

भाऊंना तिथून पडदा दिसत नव्हता.

"किती हात दावतंय?"

"तीन," ज्योत्स्ना म्हणाली.